बेट आणि धाव : घरखरेदीतील बांबूचा प्रश्न

मराठीत बांबूच्या समूहाला ‘बेट’ म्हणतात. पाण्याने वेढलेल्या भूभागाला जो शब्द, तोच परसातील कळकांच्या दाट समूहाला लावावा, यामागे केवळ दृश्यसाम्य नाही. एक दीर्घकालीन निरीक्षणही त्यात साठलेले आहे. बेट जेथे असते तेथेच राहते. ते मध्यभागी दाटते, कडेने हळूहळू रुंदावते; परंतु कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात अकस्मात उगवत नाही. उसाच्या एका ठोंबातून निघालेल्या समूहालाही शेतकरी ‘बेट’च म्हणतो, आणि तेही याच कारणाने. कळक, माणगा, चिवा, मेस या आपल्या परिचयाच्या जातींना हा शब्द चपखल बसतो. किंबहुना, ज्या समाजाने ‘वेळूचे बेट’ हा शब्दप्रयोग घडविला, त्या समाजाला पसरणाऱ्या बांबूचा त्रास ठाऊक नव्हता, असे अनुमान केवळ या शब्दावरूनही काढता येईल.

इंग्लंड व अमेरिका या देशांत गेल्या काही दशकांत घर विकत घेणाऱ्यांपुढे बांबूचा जो प्रश्न उभा राहिला आहे, तो मात्र या बेटाचा नव्हे. तेथील बागांत लावलेल्या अनेक जाती जमिनीखालून धावतात, हद्द ओलांडतात, फरसबंदीच्या सांध्यांतून वर येतात, आणि क्वचित घराच्या तक्तपोशीखालूनही डोके काढतात. हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा आणि कायद्याचा आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास तो पुष्कळ अंशी शब्दांचाही आहे. विक्रेत्याला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, कायद्याने वनस्पतीची व्याख्या कशी केली, आणि खरेदीदाराने ‘बांबू’ या एका शब्दाखाली काय गृहीत धरले, यांवर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत अवलंबून राहू शकते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे वनस्पतीची प्रकृती, व्यवहारातील भाषा, कायद्यातील व्याख्या आणि प्रत्यक्ष उपाय या क्रमाने विवरण केले आहे.

एक शब्द, दोन प्रवास

‘बांबू’ हा शब्द आज जगातील अनेक भाषांत रूढ आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही; कोणी तो मलाय भाषेतून आला असे मानतात, तर कोणी कन्नडाकडे बोट दाखवितात. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाची विस्ताराने चर्चा आहे. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने वंशलोचनाची माहिती देताना ‘मांबू’ हे रूप नोंदविले आहे. ‘म’ आणि ‘ब’ हे दोन्ही ओष्ठ्य वर्ण असल्यामुळे त्यांच्यातील अदलाबदल भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नवी वाटणार नाही. एवढे निश्चित, की हा शब्द युरोपात पोहोचला तो सोळाव्या शतकातील सागरी व्यापाराच्या मार्गाने, आणि त्या प्रवासात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा वाटा होता.

शब्द ज्या वाटेने गेला, त्या वाटेने वनस्पती गेली नाही. उष्ण प्रदेशातील बांबू युरोपच्या हिवाळ्यात तग धरीत नाही. तेथील बागांत रुजला तो प्राधान्याने चीन व जपान येथील समशीतोष्ण प्रदेशांतला बांबू. काळ्या खोडाचा बांबू १८२७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आला असे उद्यानविषयक ग्रंथांत सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतर अनेक जाती आल्या. पुढे लॉर्ड रेड्सडेल म्हणून प्रसिद्ध झालेल्या फ्रीमन-मिटफर्ड यांनी ग्लॉस्टरशायरमधील बॅट्सफर्ड येथे बांबूची मोठी बाग फुलविली आणि १८९६ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अशा रीतीने दक्षिणेकडून आलेला शब्द पूर्वेकडून आलेल्या वनस्पतीला चिकटला. नाव एक आणि प्रकृती दोन, असा घोटाळा येथूनच सुरू झाला.

दोन प्रकृती

बांबू हे तृणकुलातील, म्हणजे गवताच्या कुळातील झाड आहे. जगात त्याच्या चौदाशेहून अधिक जाती मानल्या जातात. जमिनीच्या वर जे उभे दिसते ते त्याचे सर्वस्व नव्हे. त्याचे खरे आयुष्य जमिनीखालच्या आडव्या खोडात असते. या खोडाला शास्त्रीय परिभाषेत मूलक्षोड म्हणतात. मूलक्षोड हे मूळ नव्हे. त्याला पेरे असतात, पेरांवर डोळे असतात, आणि या डोळ्यांतूनच नवे कोंब निघतात.

मूलक्षोडाच्या ठेवणीवरून बांबूचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ते जाड, आखूड व वक्र असते. त्याचे टोकच वर वळून नवा बांबू होते, आणि पुढचे मूलक्षोड त्याच्या कुशीतून निघते. त्यामुळे प्रत्येक नवा बांबू जुन्याला खेटून उभा राहतो आणि बेट तयार होते. दुसऱ्या वर्गात मूलक्षोड बारीक व लांब असते. त्याचे टोक वर न वळता जमिनीखाली समांतर धावत राहते, आणि वाटेतील पेरांवरचे काही डोळे वर येऊन बांबू होतात, तर काही नव्या मूलक्षोडांच्या रूपाने आजूबाजूस फुटतात. पहिल्याची वाढ केंद्राभोवती होते, दुसऱ्याची रेषेने होते. इंग्रजी बागकामाच्या भाषेत पहिल्याला झुपक्याचा आणि दुसऱ्याला धावणारा, अशा अर्थाची नावे आहेत.

मराठी वाचकाला दुसऱ्या वर्गाची कल्पना येण्यासाठी बांबूचे उदाहरण उपयोगी पडणार नाही, हरळीचे पडेल. शेतात हरळी शिरली की ती वरवर खुरपून जात नाही. मुळीचा एक तुकडा राहिला तरी त्याच्यापासून पुन्हा सारे शेत व्यापले जाते. काळ्या जमिनीतील कुंद्याचा त्रास तर याहूनही मोठा. तो काढण्यासाठी जमीन खोलवर उकरावी लागते. युरोप-अमेरिकेतील उपद्रवी बांबू हा देहाने कळक आणि वृत्तीने हरळी आहे, असे म्हटल्यास त्याची प्रकृती नेमकी ध्यानात येईल.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, ही विभागणी देशावार नाही. ईशान्य भारतातील मेलोकॅना ही जात पहिल्या वर्गातील असूनही तिच्या मूलक्षोडाची मान लांब असल्यामुळे ती विरळ पसरते. अरुणाचल प्रदेशातील झिरो येथील आपातानी लोक तर धावणाऱ्या वर्गातील फायलोस्टॅकिस या प्रजातीचीच लागवड पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. उलट इंग्लंडात मिळणारी फार्गेसिया ही प्रजाती चीनमधील असूनही झुपक्याची आहे. दुसरी गोष्ट अशी, की धावणे हा त्या वनस्पतीचा दोष नव्हे, तिचा धर्म आहे. चीनमधील डोंगरउतारांवर जो बांबू माणसाचे अन्न, घर व उपजीविका होतो, तोच लंडनच्या उपनगरातील चार हात रुंद बागेत उपद्रव ठरतो. बदललेली असते ती जागा.

काळाचा फरक

या वनस्पतीची एक सवय घराच्या व्यवहारात विशेष अडचणीची ठरते. लावल्यानंतर पहिली काही वर्षे ती फारशी पसरताना दिसत नाही. या काळात ती जमिनीखाली आपला पसारा मांडीत असते. पुरेसा साठा झाला की मग एखाद्या वसंतात मूळ झाडापासून बऱ्याच अंतरावर कोंब दिसू लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी शेजाऱ्याच्या नजरेपासून आडोसा मिळावा, बागेला आधुनिक रूप यावे, अशा हेतूने ज्यांनी हद्दीलगत बांबू लावला, त्यांपैकी अनेकांनी तो पसरण्यापूर्वीच घर विकले असण्याचा संभव असतो. लावणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी स्थिती होते. आणि लावणाऱ्याने काही लपविले असेलच असेही नाही.

ऋतूचाही फरक लक्षात घेतला पाहिजे. समशीतोष्ण प्रदेशात नवे कोंब वसंतात निघतात आणि काही आठवड्यांतच पूर्ण उंची गाठतात. त्यानंतर त्या बांबूची उंची व जाडी वाढत नाही. मूलक्षोडांची धाव मुख्यत्वे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात व शरद ऋतूत चालते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हिवाळ्यात घर पाहावयास गेलेल्या माणसाला हद्दीवर एक सदाहरित, सळसळणारा पडदा दिसतो. त्यातील धोका दिसत नाही. विक्रीपूर्वी कोणी बांबू जमिनीलगत कापून वर खडी पसरली असेल, तर पडदाही दिसत नाही.

तथापि जाणत्या नजरेला काही खुणा सापडतात. फायलोस्टॅकिस प्रजातीत प्रत्येक पेरावर बहुधा दोन असमान फांद्या फुटतात, आणि त्या बाजूच्या कांडीवर चपटेपणा किंवा उभी खाच असते. ही खाच बोटांनी चाचपता येते. याउलट एका पेरावरून बारीक फांद्यांचा पुंजका निघत असेल आणि सर्व काठ्या एकाच बुडख्यातून आल्या असतील, तर तो झुपक्याचा असण्याची शक्यता अधिक. परंतु सासा किंवा स्यूडोसासा या प्रजातींत ही खाच नसते, आणि तरीही त्या धावतात. म्हणून केवळ कांडीकडे न पाहता जमिनीकडे पाहिले पाहिजे. मूळ समूहापासून दूर, रांगेने उगवलेल्या एकट्यादुकट्या काठ्या, हिरवळीत सारखे कापले गेलेले टोकदार खुंट, फरसबंदीतील उचललेल्या लाद्या, आणि कुंपणापलीकडे शेजारच्या बागेत डोकावणारी तशीच पाने, या खुणा अधिक बोलक्या होत. शेजाऱ्याच्या बाजूचा बांबू हा खरेदीदाराच्याच घराचा प्रश्न असतो. मूलक्षोडाला मालकी हक्क कळत नाही.

प्रश्नाचे शब्द आणि उत्तराची मर्यादा

इंग्लंड व वेल्स येथील घरखरेदीच्या व्यवहारात एक जुने तत्त्व आजही मुळाशी आहे : वस्तूचा दोष पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विक्रेत्याने आपण होऊन वस्तूचे सर्व दोष सांगितले पाहिजेत, असे बंधन सामान्यतः नसते. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे त्याने खोटे उत्तर दिले आणि त्यावर विसंबून खरेदीदाराने व्यवहार केला, तर असत्य कथनाबद्दल, १९६७ च्या अधिनियमाच्या आधारे, भरपाई मागता येते. याचा अर्थ असा, की खरेदीदाराचे संरक्षण विक्रेत्याच्या सद्‌बुद्धीवर जितके अवलंबून नाही तितके प्रश्नाच्या शब्दरचनेवर अवलंबून आहे.

वकिलांच्या संस्थेने तयार केलेली एक छापील प्रश्नावली या व्यवहारात विक्रेत्याकडून भरून घेतली जाते. जपानी नॉटवीड या वनस्पतीविषयी तीत २०१३ पासून स्वतंत्र प्रश्न आला. नॉटवीड १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर अधिनियमाच्या नवव्या अनुसूचीत नावानिशी नोंदलेली आहे. ती रानात लावणे अथवा वाढू देणे हा अपराध आहे. फायलोस्टॅकिस बांबूला त्या अनुसूचीत स्थान नाही. परिणाम असा होतो, की ‘या जागेत जपानी नॉटवीडचा प्रादुर्भाव आहे काय?’ या प्रश्नाला ज्याच्या बागेत बांबू माजला आहे असा विक्रेताही निःशंकपणे ‘नाही’ असे लिहू शकतो, आणि ते उत्तर अक्षरशः खरे असते. खरेदीदार मात्र त्या ‘नाही’चा अर्थ ‘जागेत कोणतीही उपद्रवी वनस्पती नाही’ असा लावून मोकळा होतो. उत्तरात असत्य नसते. असत्य जन्मते ते ऐकणाऱ्याच्या अनुमानात.

म्हणून बांबूविषयी स्वतंत्र लेखी प्रश्न विचारणे, हे खरेदीदाराच्या सॉलिसिटरचे पहिले काम ठरते. हा प्रश्न कसा मांडावा, याचा विचार भाषेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘आपल्या बागेत आक्रमक बांबू आहे काय?’ असे विचारले तर ‘आक्रमक’ या विशेषणापाशी उत्तर अडते. ते वस्तूचे वर्णन नसून तिच्याविषयीचे मत आहे, आणि आपल्या बांबूविषयी विक्रेत्याचे मत चांगले असू शकते. ‘बागेत बांबू आहे काय?’ एवढेच विचारले, तर गेल्या वर्षी कापून टाकलेला किंवा शेजारून आलेला बांबू उत्तराबाहेर राहतो. प्रश्नात गुणवाचक शब्द टाळून केवळ घटना विचाराव्यात, हे श्रेयस्कर. या जागेत, जमिनीत किंवा कुंडीत, कोणत्याही जातीचा बांबू आज आहे काय? पूर्वी कधी होता काय? तो कापला, खणला किंवा त्यावर औषध मारले गेले काय, आणि कोणी व केव्हा? हद्दीलगतच्या कोणत्याही शेजारी जागेत तो आहे काय? बांबूच्या संदर्भात शेजाऱ्यांशी बोलणे, पत्रव्यवहार किंवा तक्रार झाली आहे काय? यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होय, नाही अथवा माहीत नाही, असेच द्यावे लागते.

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. वर उल्लेखिलेल्या छापील प्रश्नावलीत शेजाऱ्यांशी झालेल्या वादांविषयी विचारणा असते. ‘बांबू’ हा शब्द जेथे येत नाही, तेथे ‘वाद’ या शब्दाखाली तो प्रकट होण्याचा संभव असतो. तसेच ‘माहीत नाही’ हे उत्तर ‘नाही’च्या बरोबरीचे मानणे ही खरेदीदारांची नेहमीची चूक होय. ‘माहीत नाही’ म्हणजे पुढील तपासणीचे निमंत्रण समजावे.

व्याख्येचे दोन मार्ग

अमेरिकेत हा प्रश्न राज्यांच्या कायद्यांत आला, आणि कायदा म्हटले की व्याख्या आलीच. ‘धावणारा बांबू’ म्हणजे काय, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे तेथे दिसतात. कनेक्टिकट राज्याने २०१३ साली केलेल्या कायद्यात धावणारा बांबू म्हणजे फायलोस्टॅकिस प्रजातीतील कोणताही बांबू, अशी व्याख्या केली. पुरेसा अडथळा न घालता असा बांबू शेजारच्या जागेपासून अथवा सार्वजनिक रस्त्यापासून चाळीस फुटांच्या आत लावण्यास मनाई केली, आणि तो आपल्या हद्दीबाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी लावणाऱ्यावर टाकली. व्हर्जिनिया राज्याने २०१७ साली स्थानिक संस्थांना नियम करण्याचा अधिकार दिला, तेव्हा व्याख्या केली ती वर्तनावरून : जो आक्रमकपणे पसरतो तो धावणारा बांबू, आणि फायलोस्टॅकिस प्रजाती त्यात अंतर्भूत. न्यूयॉर्क राज्याने तिसराच मार्ग धरला. सोनेरी बांबू आणि पिवळ्या खाचेचा बांबू या दोन जाती नावानिशी निषिद्ध प्रजातींच्या यादीत घातल्या. ही नियमावली २०१५ पासून अमलात आली.

नावावरून केलेली व्याख्या निःसंदिग्ध असते. परंतु यादीबाहेरचा धावणारा बांबू तिच्या हातून निसटतो. वर्तनावरून केलेली व्याख्या सर्वांना कवेत घेते; परंतु एखादे झाड आक्रमक केव्हा झाले, याविषयी वाद घालण्यास जागा ठेवते. कोशकाराला जी अडचण शब्दार्थ देताना येते, तीच येथे कायदेकाराला आली आहे. घर घेणाऱ्याला यातून एवढाच बोध घ्यावयाचा आहे, की ज्या राज्यात घर आहे तेथील कायद्यात बांबूची व्याख्या कोणत्या पद्धतीने केली आहे हे पाहिल्यावाचून आपला हक्क किंवा आपली जबाबदारी कळत नाही. बांबूसह घर घेणारा माणूस उद्या स्वतःच तक्रारीचा विषय होऊ शकतो, हेही विसरता कामा नये.

व्याख्येतील एका शब्दाने केवढा फरक पडतो, याचे उदाहरण भारतातही आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा अंतर्भाव होता. शास्त्रदृष्ट्या गवत असलेली ही वनस्पती कायद्याच्या दृष्टीने वृक्ष ठरली, आणि वनाबाहेर, स्वतःच्या शेतात वाढविलेल्या बांबूच्या तोडीवर व वाहतुकीवरही त्यामुळे बंधने आली. २०१७ च्या दुरुस्तीने हा एक शब्द व्याख्येतून वगळला. झाड बदलले नाही. शब्द बदलला, आणि शेतकऱ्याचा हक्क बदलला.

हद्द आणि उपद्रव

बांबूसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी इंग्लंडातील घरमालक अगदी निराधार नाही. शेजाऱ्याच्या जागेतून येणाऱ्या गोष्टीमुळे आपल्या जागेच्या उपभोगात अडथळा येत असेल, तर खाजगी उपद्रवाचा दावा करता येतो. अपील न्यायालयाने २०१८ साली रेल्वेच्या जागेतून आलेल्या नॉटवीडविषयीच्या एका प्रकरणात असा निर्वाळा दिला, की इमारतीला प्रत्यक्ष इजा झालीच पाहिजे असे नाही. मूलक्षोडांच्या अतिक्रमणामुळे जागेच्या उपभोगास बाध येणेही पुरेसे आहे. मात्र केवळ किंमत उतरली म्हणून दावा टिकत नाही. हे तत्त्व नॉटवीडपुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही.

तथापि दाव्याला काळाची मर्यादा असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निर्णयावरून दिसते. वेल्समधील ब्रिजेंडच्या स्थानिक संस्थेच्या जमिनीतून पसरलेल्या नॉटवीडविषयीचे हे प्रकरण होते. वनस्पती जेव्हा शेजारच्या जागेत शिरली तेव्हा संस्थेकडे दोष जात नव्हता. दोष नंतरच्या काळात उत्पन्न झाला. जी नुकसानी दोषाच्या आधीच झालेली होती, तिची भरपाई त्या दोषाबद्दल मागता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. बांबू केव्हा आला, शेजाऱ्याला तो उपद्रव केव्हा कळला अथवा कळावयास हवा होता, याची तारीखवार नोंद किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या व मुळे तोडण्याचा हक्क इंग्लंडच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मान्य केलेला आहे. परंतु हा हक्क हद्दीपाशी संपतो. शेजाऱ्याच्या जमिनीत उतरून खणता येत नाही. तृणनाशकाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. धावणाऱ्या बांबूचे मूलक्षोड दोन्ही बागांत सलग असते. एका बाजूने दिलेले औषध दुसऱ्या बाजूच्या झाडापर्यंत पोहोचू शकते, आणि मग तक्रारदारच प्रतिवादी होतो. म्हणूनच शेजाऱ्याशी आधी बोलणे, आणि शक्य तर दोघांनी मिळून उपाय करणे, हा केवळ सौजन्याचा नव्हे तर व्यवहाराचाही मार्ग आहे.

उपाय आणि सौदा

बांबू काढता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. त्याची मूलक्षोडे बहुधा जमिनीच्या वरच्या थरातच असतात, आणि नॉटवीडच्या मानाने त्यांचा माग काढणे सोपे जाते. सर्वांत खात्रीचा मार्ग खणून काढण्याचा होय. काठ्या कापाव्यात, मूलक्षोडांचा माग घेत ती सलग उपटावीत, आणि तुकडे मागे राहू देऊ नयेत. पुढील दोन-तीन वसंतांत जागेवर नजर ठेवून नवे कोंब दिसताच काढावेत. दुसरा मार्ग उपासमारीचा : प्रत्येक नवा कोंब पाने फुटण्यापूर्वी कापीत राहिल्यास साठा संपत जातो, परंतु यास वर्षे लागतात. नव्या पालवीवर ग्लायफोसेटसारखे तृणनाशक वापरण्याचीही पद्धत आहे. तेही एका फवाऱ्याने भागत नाही. काढलेली मूलक्षोडे घरच्या खताच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे पुन्हा लागवड करणे होय.

बांबू ठेवावयाचाच असेल किंवा शेजारून येत असेल, तर जमिनीत उभा अडथळा घालतात. साठ सेंटिमीटर किंवा अधिक खोलीचा चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा अखंड पडदा उभा करावयाचा, आणि त्याचा काठ जमिनीच्या काही सेंटिमीटर वर ठेवावयाचा. काठ वर ठेवण्याचे कारण असे, की अडलेले मूलक्षोड पडदा फोडण्याऐवजी वरून उडी घेते, आणि काठ दिसत राहिला तरच ती उडी वेळीच छाटता येते. बांबू अभंग काँक्रीट फोडतो असेही नव्हे. तो फट शोधतो. सांधे, तडे, नळांभोवतीची पोकळी आणि फरशीखालची भुसभुशीत माती या त्याच्या वाटा होत. म्हणून घराची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकाला बांबू दाखवून, तो भिंतीपासून किती अंतरावर आहे आणि त्या दिशेला कोणत्या फटी आहेत, हे मुद्दाम पाहावयास सांगितले पाहिजे. सर्वेक्षक दिसते तेवढेच पाहतो. खणून पाहणे त्याच्या नेहमीच्या कामात मोडत नाही.

उरतो तो सौद्याचा प्रश्न. इंग्लंड व वेल्स येथे करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत सामान्यतः कोणताही पक्ष बांधलेला नसतो. बांबूविषयीचे सर्व बोलणे या टप्प्यापूर्वी झाले पाहिजे. खरेदीदारापुढे तेव्हा चार मार्ग असतात. विक्रेत्याने अनुभवी मंडळींकडून बांबू काढवून त्याची लेखी हमी द्यावी. किंवा काढण्याच्या खर्चाइतकी किंमत कमी करावी. किंवा किमतीचा काही भाग काम पुरे होईपर्यंत सॉलिसिटरकडे राखून ठेवावा. आणि यांपैकी काहीच जमत नसेल तर घर सोडून द्यावे. खर्चाचा अंदाज प्रत्यक्ष जागा पाहिलेल्या माणसाकडूनच घ्यावा, कारण मोकळ्या हिरवळीतील बांबू आणि फरसबंदीखाली शिरलेला बांबू यांच्या खर्चात मोठे अंतर असते. बांबू दिसला म्हणून प्रत्येक घर टाकून देणे हेही शहाणपणाचे नव्हे. बुडख्याशी घट्ट असलेली फार्गेसिया ही बागेची शोभाच आहे, आणि नव्यानेच लावलेला धावणारा बांबू एका दिवसाच्या कामात निघू शकतो.

समारोप

घर घेणारा माणूस भिंती, छप्पर, नळ आणि कागदपत्रे पाहतो. झाडे तो पाहतो ती शोभा म्हणून. महाराष्ट्रातून जाऊन त्या देशांत स्थायिक झालेल्या माणसाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट संभवते. परसातील बांबू पाहून त्याला परकेपणा वाटत नाही; उलट गावाकडच्या वेळूच्या बेटाची आठवण होऊन ते घर अधिकच जवळचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. मातृभाषेने दिलेला शब्द येथे त्याला आश्वस्त करतो, आणि नेमका तेथेच फसवतो. कारण भाषेतील शब्द हा एका विशिष्ट भूमीतील अनुभवाचा निष्कर्ष असतो. ती भूमी बदलली की निष्कर्ष पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

‘बेट’ या शब्दात कोकणच्या व देशावरच्या माणसांनी शतकानुशतके केलेले निरीक्षण आहे, आणि ते त्या भूमीपुरते खरे आहे. धावणाऱ्या बांबूसाठी मराठीत रूढ शब्द नाही, कारण त्याची गरज पडली नव्हती. परंतु त्याचे वर्णन करण्याची सामग्री मराठीत आहे. हरळी व कुंदा यांच्याशी झुंजलेल्या शेतकऱ्याने ती केव्हाच सिद्ध करून ठेवली आहे. हद्दीवरचा हिरवा पडदा पाहताना खरेदीदाराने बेटाची आठवण बाजूला ठेवून हरळीची आठवण केली, आणि ‘येथे बांबू आहे काय, होता काय, पलीकडे आहे काय’ हे तीन प्रश्न लेखी विचारले, तर पुढील अनेक वर्षांचा खर्च, मनस्ताप आणि शेजाऱ्याशी होणारे वैर यांपैकी पुष्कळसे टळेल.